पुलाच्या पोटाखालून

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला पूल चुकत नाही. कोपरीचा, कळव्याचा, ऐरोलीचा, वाशीचा. सकाळी कामावर जाताना एक ओलांडायचा आणि संध्याकाळी परतताना तोच. मी सगळी नोकरी पुलांच्या देखभालीत काढली. आज तुमच्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. पूल म्हातारा कशाने होतो? विचारलं की लोक सांगतात, ट्रकांच्या वजनाने. आता, वजनाचा हिशोब पूल बांधतानाच झालेला असतो आणि तो चांगला हात राखून केलेला असतो. पुलाला खातं ते पाणी. साचलेलं, मुरलेलं, वाट न मिळालेलं पाणी. हे मी मधेमधे पुन्हा सांगेन, कारण मला स्वतःला ते कळायला नोकरीतली पहिली तीन वर्षं लागली आणि शिकवलं ते एका मुकादमाने.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ठाण्याच्या खाडीवरचा एक पूल. नाव राहू द्या. त्यावर एका जॉइंटपाशी गाडी आली की धाडकन आवाज व्हायचा. दोन खांबांमधला पुलाचा तुकडा म्हणजे गाळा, आणि जॉइंट म्हणजे अशा दोन गाळ्यांमधली फट. उन्हाने पूल लांबतो, त्याला जागा हवी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. आम्ही तिथे दोनदा दुरुस्ती केली, दोनदा ती उखडली. एसटीचे ड्रायव्हर तिथे आधीच ब्रेक दाबायला शिकले होते. मी कागदावर गणित मांडलं, गाड्या जादा माल भरतात म्हणून जॉइंट तुटतो असा निष्कर्ष काढला आणि टिपण तयार केलं. आमच्या मुकादमांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी टिपण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाठवा साहेब. पण त्याआधी एकदा खालून बघून येऊ."

मी म्हटलं, मग ओहोटीला जाऊ, खांबापर्यंत चालत पोचता येईल. तात्यांनी मान हलवली. "ओहोटीला मांडीपर्यंत गाळात रुतू आणि पूल तसाच उंच राहील. भरतीला जायचं. पाणीच आपल्याला उचलून पुलाच्या पोटाशी नेतंय की."

गणपती होऊन गेले होते, पितृपक्ष संपत आला होता. तात्यांनी विचारलं, उद्या तिथी कुठली? चतुर्दशी. "चौदा पाऊणे साडेदहा," ते म्हणाले. "साडेदहाच्या पुढे-मागे भरती. त्यात अमावास्या तोंडावर, म्हणजे उधाण." तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब. खाडीत आत शिरत जाल तसा थोडा उशीर होतो, एवढंच. शाळेतून पावकी, निमकी, पाऊणकी गेली याचं मला फार वाईट वाटतं. ही पाठांतरं नुसत्या बाजारहाटासाठी नव्हती, समुद्राचं घड्याळ त्यांत होतं. खाडीकाठी काम करणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरच्या टेबलावर पंचांग असावं असं माझं ठाम मत आहे.

असो. दुसऱ्या दिवशी चेंदणी कोळीवाड्यातून एका काकांची होडी घेतली. दोन दिवस पाऊस उघडलेला होता, ऊन स्वच्छ. होडी पुलाखाली शिरली आणि काकांनी सवयीने डोक्यावर टोपली धरली. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "साहेब, यो पूल पाऊस उघरला तरी दोन-दोन दिस गलतंय." आणि खरंच, टप, टप, टप. वर कोरडा रस्ता, आणि खाली पूल ठिबकत होता. दोन वर्षं हे त्यांना माहीत होतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

भरतीने होडी इतकी वर आणली होती की गर्डरला, म्हणजे पुलाला खालून पेलणाऱ्या तुळईला, हात लागत होता. तिथे मी पहिल्यांदा आजारी पुलाचं अंग जवळून पाहिलं. जॉइंटच्या बरोबर खाली पांढरे ओघळ, जुन्या भिंतीवर लोणा फुटतो तसे. त्यांच्या बाजूने तपकिरी ओघळ, म्हणजे आतल्या सळईचा गंज. आणि खांबाच्या माथ्यावर, जिथे गर्डर टेकतात त्या बेचक्यात, हातभर उंचीचं पिंपळाचं रोप. ताजी लालसर पानं होती त्याला. तात्यांनी हातोडी काढली आणि गर्डरवर ठोकत गेले. टण, टण, टण. मग एका ठिकाणी, भद. तुम्ही माठ घेताना बोटाने वाजवून घेता ना? अगदी तसं. टण म्हणजे काँक्रीट आतून एकसंध, भद म्हणजे वरचा पापुद्रा सुटलेला. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडतो. तात्यांनी जिथे जिथे भद वाजलं तिथे खडूने वर्तुळ केलं. त्या एका गाळ्यात अकरा वर्तुळं झाली.

मग आम्ही वर गेलो. रस्त्याच्या कडेला, कठड्याच्या बुडाशी, पाणी खाली सोडायला नळ्या असतात. आम्ही त्यांना स्पाउट म्हणतो. तुमच्या गच्चीत पन्हाळीचं तोंड असतं, तेच काम. मी नकाशात पाहिलं तर त्या गाळ्यात प्रत्येक बाजूला चार नळ्या होत्या. रस्त्यावर एकही दिसेना. तात्यांनी पावलं मोजली, एका जागी पहार मारली. डांबराचे तीन थर निघाले. दर दोन-चार वर्षांनी नवा थर टाकताना जुना खरवडलाच नव्हता, नळीचं तोंड गाडलं गेलं होतं. आत लांब सळई घातली, ढवळली. खालून निघाले झेंडूच्या माळांचे काळे पडलेले दोरे, फुलांनी गच्च भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, करवंटीचे तुकडे, पतंगाचा मांजा. आणि मग पाणी आलं. काळं, वास येणारं. मी घड्याळ लावून बसलो. दोन दिवस पावसाचा थेंब नसताना त्या एका नळीतून सतरा मिनिटं पाणी वाहत होतं. ते सगळं डांबराखाली मुरून होतं. उतार जॉइंटकडे होता, म्हणून तिथून खाली झिरपत होतं.

पुढे जॅक लावून गाळा उचलला. किती? आठ मिलिमीटर. तुमच्या करंगळीच्या जाडीइतकाही नाही. तेवढ्यात खालची बेअरिंग बाहेर काढता आली. पूल खांबावर थेट बसत नाही, बेअरिंगवर बसतो. ती लोखंडी रोलरची होती आणि पाण्याने गंजून जागच्या जागी घट्ट झाली होती. ३० मीटरचा गाळा पहाटेपासून दुपारपर्यंत २५ अंश तापला तर साधारण ९ मिलिमीटर लांबतो. रोलर फिरत नसतील तर ते ९ मिलिमीटर जाणार कुठे? गाळा शेजारच्या गाळ्याला रेटतो, जॉइंटच्या कडा चिरडतो. तोच आमचा धाडकन आवाज. ट्रकांचा त्यात दोष नव्हता. पाण्याने बेअरिंग खाल्ली, बेअरिंगने जॉइंट फोडला, आणि आम्ही वरून डांबर भरत राहिलो. माझं टिपण मी फाडून टाकलं. नवं लिहिलं त्यात पहिली ओळ होती, नळ्या उघडा.

त्या डांबराच्या थरांबद्दल आणखी एक हिशोब सांगतो. ५० मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण ११५ किलो. ३० मीटर लांब, साडेसात मीटर रुंद गाळ्यावर एक थर चढवला की सुमारे २६ टन वजन कायमचं बसलं. म्हणून आता जुना थर आधी मशीनने खरवडून काढतात, त्याला मिलिंग म्हणतात, आणि मगच नवा घालतात. काढायचं, मग घालायचं. तुमच्या इथे रस्त्याचं काम चालू असेल तर एवढं जरूर बघा. आणि मुख्य रस्त्याच्या मधोमध पेव्हर ब्लॉक बसवणं मला कधीच पटलेलं नाही. ते फुटपाथचं सामान आहे. धावत्या गाड्यांखाली त्यांच्या सांध्यांतून पाणी खाली जातं आणि पायाच भुसभुशीत होतो.

आज काम खूप बदललं आहे. ट्रकवर बसवलेला पाळणा कठड्यावरून वळून पुलाच्या पोटाखाली जातो, ड्रोन उडतात, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणीचा शिरस्ता आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. तेव्हापासून पुलाची तपासणी हा विषय घराघरांत बोलला जाऊ लागला. काँक्रीटचा टवका काढून त्यावर एक रसायन शिंपडतात. तो गुलाबी झाला तर सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटमधला अल्कली गुण शाबूत आहे. रंग आलाच नाही तर तो गुण गेला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तुम्ही धुण्यात पाहिलंच आहे. जात तीच. लोखंडी रोलरच्या जागी बऱ्याच ठिकाणी रबर आणि पोलादी पत्र्यांच्या थरांच्या बेअरिंग आल्या.

खाडीवर पाण्याबरोबर मीठही येतं. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये सुरू झाला आणि खाऱ्या हवेने फार लवकर थकला. दुसरा १९९७ मध्ये आला, आता तिसराही झाला. म्हणून आता समुद्रातल्या काँक्रीटमध्ये सिमेंटबरोबर लोखंडाच्या भट्टीची मळी किंवा फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, घालतात. त्याने काँक्रीटची छिद्रं बारीक होतात आणि मीठ आत शिरायला वेळ लागतो. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे. त्याचे काही गाळे पोलादी आहेत, ते रंगाच्या जोरावर टिकायचे.

आणि बोगदे? तिथेही पाणीच. पारसिकचा रेल्वे बोगदा १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. डोंगरावर पाऊस पडला की तो आत झिरपणारच. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम चालू आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या खालून. असं काम मशीनने होतं तेव्हा आतून काँक्रीटच्या वक्र तुकड्यांची कडी जुळवत जातात आणि दोन तुकड्यांच्या मधल्या खाचेत रबराची पट्टी असते. कुकरच्या झाकणातली रिंग डोळ्यांसमोर आणा. ती सैल झाली की शिट्टी होत नाही, बाजूने वाफ जाते. इथे ती पट्टी तुकड्यांच्या दाबाखाली वर्षानुवर्षं नीट बसून राहावी लागते, कारण बाहेर डोंगराचं पाणी वाट बघत असतं. ऐरोली-काटई रस्त्याचा पारसिक डोंगरातला बोगदा सुरुंग लावून कोरला. तिथे दगड आणि काँक्रीटच्या मधे पाणी अडवणारा पडदा घालायचा आणि अडलेलं पाणी गटारात सोडायचं. अडवलं आणि सोडलं नाही, तर त्याचा दाब अस्तरावर येतो. गच्चीला वॉटरप्रूफिंग करून पन्हाळी बुजवली तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तात्या आता नाहीत. ते कोळी काकाही नाहीत. होडी आता त्यांचा नातू चालवतो. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर पाऊस दोन दिवस उघडला तसा मी त्याला फोन केला. तिथी होती द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊच्या सुमारास आम्ही पुलाखाली होतो. तो टोपली घेऊन आला होता, ती होडीतच राहिली. एका जुन्या खडूच्या वर्तुळाच्या जागी आता दुरुस्तीचा फिकट चौकोन आहे, त्याच्यावर मी बोटाने वाजवून पाहिलं. टण. पण तिसऱ्या गाळ्यात, खांबाच्या माथ्यावर, पिंपळाला पुन्हा दोन पानं फुटली आहेत. त्याचा फोटो काढून मी संबंधित इंजिनिअर मुलीला पाठवला. तिने त्याच दुपारी विचारलं, काका, तिथे भरती किती वाजता असते?

नमस्कार.