वेगळ्या डब्याचा कायदा

श्रोतेहो, नमस्कार.

७ जून १८९२. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातलं न्यू ऑर्लिन्स शहर. होमर प्लेसी हा जोडे बनवणारा तरुण कारागीर पहिल्या वर्गाचं तिकीट काढतो आणि कव्हिंग्टनच्या गाडीत गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसतो. दिसायला तोही गोराच. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकजण तेवढी आफ्रिकी वंशाची. कंडक्टर विचारतो, "तू काळा का?" प्लेसी हो म्हणतो, पण जागचा हलत नाही. त्याला अटक होते.

हे सगळं आधीच ठरलेलं होतं, बरं का! शहरातल्या नागरिकांच्या एका समितीने काळ्या-गोऱ्यांना वेगळ्या डब्यांत बसवणाऱ्या राज्याच्या कायद्याला आव्हान द्यायचं म्हणून हा बेत आखला होता. अटक करणारा गुप्तहेरही त्यांनीच नेमलेला. नाहीतर पोलिसांनी भलतंच कलम लावलं असतं. रेल्वे कंपनीलाही कल्पना दिलेली होती. तिला हा कायदा नकोच होता, कारण वेगळे डबे जोडायचे म्हणजे खर्च!

आपल्याला सहसा असं वाटतं की गुलामी गेली आणि तिची जुनी सवय म्हणून वेगळे डबे, वेगळे नळ मागे उरले. मला हे पटत नाही. न्यू ऑर्लिन्समध्येच बघा. तिथे काळ्यांसाठी ताऱ्याचं चिन्ह रंगवलेल्या वेगळ्या ट्राम होत्या. १८६७ साली काळी माणसं गोऱ्यांच्या ट्राममध्ये चढून बसायला लागली, शहरात तणाव झाला आणि त्या ताऱ्यांच्या गाड्या बंद पडल्या. पुढे पस्तीस वर्षं सगळे एकाच ट्राममधून फिरले.

गुलामी गेल्यावर दक्षिणेतल्या जमीनदारांनी गप्प बसायचं नव्हतंच. १८६५ संपता संपता मिसिसिपीने नियम केला: दर जानेवारीत काळ्या माणसाने कामाचा लेखी पुरावा दाखवायचा. नसेल तर तो भटक्या, दंडाला पात्र. दंड भरता आला नाही, की जो कोणी भरेल त्याच्याकडे त्याने राबायचं. म्हणजे फिरून तेच शेत आणि तोच मालक! तेव्हा मात्र वॉशिंग्टनच्या संसदेने हस्तक्षेप केला. दक्षिणेत लष्करी अंमल आला, काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. १८७३ उजाडलं तेव्हा लुइझियानाच्या हंगामी गव्हर्नरपदावर पिंचबॅक हे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. त्याच वर्षी इकडे जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्या घडीला तिकडची आशा खोटी नव्हती.

चारच वर्षांत, १८७७ साली, अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीनंतर तडजोड झाली आणि दक्षिणेतल्या सरकारांमागचा लष्कराचा आधार निघाला. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने गाड्या-खानावळींत भेदभावाला बंदी घालणारा नागरी हक्कांचा कायदा निकालात काढला. आणि १८९० साली आला लुइझियानाचा हा डब्यांचा कायदा. "समान, पण वेगळी सोय." मोडणाऱ्याला २५ डॉलर दंड किंवा वीस दिवस तुरुंग.

या कायद्यातलं एक कलम मात्र जरूर ऐका. दुसऱ्या वंशाचं मूल सांभाळणाऱ्या आयांना हा नियम लागू नाही! म्हणजे गोऱ्या बाईचं बाळ मांडीवर असेल तर काळी आया त्याच डब्यात, त्याच बाकावर बसू शकते. काळी बाई स्वतःचं तिकीट काढून, स्वतःच्या कामाला निघाली, की विटाळ होतो. शेजारी कोण बसतं हा प्रश्न नव्हताच. नोकर म्हणून बसायचं की प्रवासी म्हणून, एवढाच प्रश्न होता.

१८ मे १८९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्लेसीविरुद्ध निकाल दिला, सात विरुद्ध एक. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्राउन जन्माने उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्सचे. ते म्हणाले, वेगळेपणात कमीपणा वाटत असेल तर तो काळ्यांनीच लावून घेतलेला अर्थ आहे. एकटे विरोधात गेले ते केंटकीचे हार्लन. एकेकाळी यांच्याच घरी गुलाम होते! आपल्या राज्यघटनेला रंग दिसत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं.

मग रान मोकळंच झालं. १८९८ साली लुइझियानाने मतदारांना शिक्षणाची किंवा मालमत्तेची अट घातली. सूट कोणाला? १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला, ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मताचा हक्क होता त्याला. त्या तारखेला तिथे एकाही काळ्या माणसाला तो नव्हता. १८९६ साली राज्यात काळे मतदार १,३०,३३४ होते. १९०४ साली उरले १,३४२. आणि १९०२ साली न्यू ऑर्लिन्सच्या ट्राममध्येही भेद परत आला.

प्लेसीचा खटला मात्र खालच्या कोर्टात लोंबकळतच होता. जानेवारी १८९७ मध्ये तो तिथे हजर झाला, गुन्हा कबूल केला, २५ डॉलर मोजले आणि घरी गेला.