भरती कुठवर आली होती, हे कोण लिहून ठेवतं?

(सिंधुदुर्गातल्या मुली आणि महिलांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

‘मला सिनेमात काम करायचंय’ असं मुलगी घरी म्हणाली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: कॅमेऱ्यासमोर नटूनथटून उभी असलेली मुलगी. घरच्यांचा विरोध त्या चित्राला असतो, आणि मुलीचा हट्टही बहुतेक वेळा त्याच चित्रासाठी. आज मी त्या चित्राच्या मागच्या बाजूला बोलणार आहे, कारण पोट तिथं भरतं.

दशावतारात स्त्रीपार्टी पुरुष करतात, त्याचं आपल्याला नवल नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामतीही अण्णा साळुंके या पुरुषानंच केली. त्याच वर्षी, १९१३ मध्ये, ‘मोहिनी भस्मासुर’मधून दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. हे पुष्कळांना ठाऊक असतं. मात्र फाळक्यांच्या घरी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची आणि फिल्म धुवायची कामं सरस्वतीबाई फाळके करत, हे कमी जणांच्या ध्यानात असतं. भोक केसभर सरकलं तर पडद्यावर चित्र थरथरतं. म्हणजे आपल्या सिनेमातलं बाईचं तांत्रिक काम तिच्या अभिनयाइतकंच जुनं आहे. नाव मात्र उशिरा लागलं. कोल्हापूरच्या भानू अथय्यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं १९८३ मध्ये. मेकअपचं तर विचारूच नका. बाईनं केस करावेत, तोंडाला रंग पुरुषानं लावावा, असा मेकअप आणि केशभूषा करणाऱ्यांच्या संघटनेचा दंडक होता. चारू खुराना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये तो मोडला. त्याच निकालात महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याचा दाखला मागण्याची अटही गेली.

आता कामाचं बोलू. खाती पुष्कळ आहेत: संकलन, ध्वनी, कॅमेरा, वेशभूषा, कला. संकलन, कॅमेरा आणि ध्वनीसाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. मी आज एकच खातं उलगडणार आहे, कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतंय ना, हे सांभाळणं. त्याला भांडवल लागत नाही, नजर आणि शिस्त लागते, आणि दिग्दर्शन शिकायला त्याहून जवळची जागा सेटवर नाही. हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओंत या कामाला ‘स्क्रिप्ट गर्ल’ म्हणत. नाव कमी लेखणारं, पण खुर्ची दिग्दर्शकाच्या शेजारी. आपल्याकडे हे काम सगळ्यात नवख्या सहायकाच्या गळ्यात बांधतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

चित्रण कथेच्या क्रमानं होत नाही. घर एक असेल तर त्या घरातले सगळे प्रसंग, कथेत कुठंही असोत, एका दमात उरकतात. बाई घरात आल्यानंतरचा प्रसंग आज होतो, आणि ती अंगणातून उंबऱ्यापर्यंत येते तो प्रसंग आठ दिवसांनी, कदाचित दुसऱ्याच गावच्या अंगणात. आत पिशवी डाव्या हातात दिसली असेल तर बाहेरही डाव्याच हातात हवी. हे आठ दिवसांनी ठामपणे सांगणारी ती तुम्ही.

काम सेटवर सुरू होत नाही, आदल्या रात्री कागदावर सुरू होतं. पटकथा घ्या आणि प्रत्येक प्रसंगापुढे कथेतला दिवस लिहा: दिवस १ सकाळ, दिवस १ रात्र, दिवस २. लेखकानं तो लिहिलेला नसतो, तुम्हाला काढावा लागतो, आणि शंका असेल तर दिग्दर्शकाला शूटिंगच्या आधी विचारावा लागतो. कपडे, जखम, दाढीचे खुंट, गजरा, सगळं त्या दिवसावर ठरतं. गजऱ्याचंच बघा. कथेत सकाळी माळलेला गजरा दुपारीही टवटवीत हवा असतो, पण दिव्यांखाली तो तासाभरात माना टाकतो. म्हणून ताजे तीन-चार ओल्या फडक्यात ठेवायचे, आणि रात्रीच्या प्रसंगासाठी कालचा सुकलेला जपायचा. तो कचऱ्यात गेला की रात्रीच्या प्रसंगात बाई सकाळची दिसते.

सेटवर प्रत्येक शॉटला वहीत एक ओळ: प्रसंग, शॉट, टेक, लेन्स किती मिलिमीटरची, कॅमेऱ्याची उंची, किती सेकंद चालला, ओके की एनजी (‘नो गुड’, म्हणजे बाद) आणि एनजी कशामुळे. लेन्स आणि उंची लिहायची ती रिव्हर्ससाठी, म्हणजे समोरच्या पात्राच्या उलट बाजूच्या शॉटसाठी. समोरच्याचा क्लोज, म्हणजे जवळचा शॉट, त्याच मापात घेतला नाही तर संकलनात एकाचं डोकं मोठं आणि दुसऱ्याचं लहान दिसतं. शॉटचा आवाज रेकॉर्ड होत नसेल तर क्लॅपच्या पाटीच्या दांड्यांमध्ये बोटं धरून ती दाखवायची. क्लॅप सुरुवातीला न देता शॉटच्या शेवटी दिला तर पाटी उलटी धरायची. या खुणा संकलकासाठी असतात. त्या चुकल्या की तो बिचारा रात्रभर नसलेला आवाज शोधत बसतो.

हालचाल नेहमी शब्दाला बांधून लिहा. ‘पेला ठेवते’ एवढ्यानं भागत नाही. ‘“तू जा” मधल्या “जा” वर पेला ठेवते, उजव्या हातानं, अर्धा भरलेला’ असं हवं. तालमीतली हालचाल लिहू नका, ओके झालेल्या टेकमधली लिहा. नटीनं तीन टेकमध्ये तीन तऱ्हा केल्या तर ते पुढच्या शॉटची मांडणी व्हायच्या आत दिग्दर्शकाच्या कानावर घाला. थेट नटीला सांगायला जाऊ नका. ती भूमिकेत असते आणि सूचना दोन तोंडांनी आली की गोंधळ होतो.

फोटो ‘कट’ झाल्याक्षणी. नंतर नाही. कट म्हटल्यावर माणूस पहिलं काय करतं? पदर सैल सोडतं, घाम पुसतं, चष्मा काढतं. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून आणि हातांचा जवळून, असे पाच फोटो. मंगळसूत्र पदराच्या आत की बाहेर, बांगड्या किती, कासोट्याच्या निऱ्या कशा बसल्यात, ते सगळं त्यात आलं पाहिजे. फोटोला प्रसंगाचा क्रमांक आणि कथेतला दिवस असं नाव द्या. नुसते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून निश्चिंत राहणं हा अलीकडचा रोग आहे. तिथं फोटो दाबला जातो, बारकावे पुसले जातात, आणि हवा तेव्हा शंभर शुभेच्छांखाली सापडत नाही.

पण सगळ्याच गोष्टींना सारखं वजन देणारी कंटिन्युइटीही सेटला नको होते. चहा पाव इंचानं खाली गेला म्हणून चांगला झालेला टेक कुणी टाकत नाही, टाकूही नये. प्रेक्षक डोळ्यांकडे बघतो. नजरेची दिशा उलटली, दोन पात्रांना जोडणारी मनातली रेषा ओलांडून कॅमेरा पलीकडे गेला, किंवा हात बदलला, तर मात्र अडवायचं, समोर कितीही मोठं नाव असो.

आणि आता आपला किनारा. मुंबईच्या स्टुडिओत घडलेल्या मुलींपेक्षा तुम्ही सरस ठरू शकता ती जागा ही आहे. समुद्र रोज एका वेळी एका जागी नसतो. भरतीची वेळ दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या मच्छीमारांचं गणित तुमच्या आज्यांना पाठ असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. समजा पौर्णिमेला सकाळी अकराला नायक-नायिकेचा मास्टर, म्हणजे अख्खा प्रसंग दाखवणारा लांबचा शॉट, घेतला. उधाणाचं पाणी पार सुरूच्या झाडांजवळ. त्यांचे क्लोज राहिले आणि अष्टमीला परत अकरालाच युनिट तिथं गेलं, तर ओहोटी शेवटाला आलेली, पाणी लांब आत आणि मध्ये ओल्या वाळूचं मैदान. मागची पार्श्वभूमीच बदलली. तसंच पाणी हवं असेल तर त्याच घड्याळी वेळेला साधारण पंधरवड्यानं जावं लागेल. भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तेव्हा, गेलात तर वेळ जुळवूनही पाणी तितकं चढणार नाही. हे गणित ढोबळ आहे, म्हणून त्या बंदराच्या छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या आणि वहीत घड्याळाच्या वेळेसोबत तिथीही लिहा. शेड्यूल करणाऱ्याला हे आधी सांगितलंत तर कंपनीचा अख्खा दिवस वाचतो, आणि दिवस वाचवणाऱ्या मुलीला पुढच्या कामाचा फोन येतो.

सूर्यास्तानंतर कामाचा उजेड इथं वीस-बावीस मिनिटं टिकतो. तेवढ्यात एखाद-दुसरा शॉट होतो, चार होत नाहीत.

जांभ्याची माती आणखी एक. लाल पाऊल, लाल काठ. चिऱ्याच्या पाणंदीतून चालत आलेली बाई पुढच्या शॉटमध्ये स्वच्छ पायांनी ओसरीवर उभी राहिली तर गावातलं शेंबडं पोरही हसेल. डाग कुठवर चढलाय त्याचा फोटो घ्या, साडीचे दोन जोड मागा, आणि डाग पडलेला जोड धुवायला टाकू देऊ नका. ड्रेसदादा तो हमखास टाकतात, सवयीनं. गाडीच्या एसीतून लेन्स एकदम दमट हवेत काढली की काच धुरकटते, अर्धा तास पेटीतच राहू द्यावी लागते. हे कॅमेरा विभागाचं काम, पण तेवढा वेळ कॉलशीटमध्ये, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या वेळापत्रकात, धरलाय का, ते बघणारं कुणीतरी हवं. आवाजाचं थोडक्यात सांगते: गाज, रातकिडे आणि कौलांवरचा पाऊस. प्रत्येक ठिकाणी तीस सेकंद सगळ्यांनी गप्प बसून तिथली शांतता रेकॉर्ड करून घ्यायची, नाहीतर संवादांमधल्या फटीत समुद्र मध्येच बंद पडतो.

भाषा हीसुद्धा कंटिन्युइटीच. ‘माका’, ‘खय’, ‘कित्याक’ बोलणारं पात्र तिसऱ्या भागात ‘मला’ म्हणायला लागतं, कारण संवाद मुंबईत लिहून आले. मालवणी आणि संगमेश्वरी यांची खिचडी तर सर्रास होते. भाषा सांभाळायचं काम वेगळं मागा आणि त्याचे वेगळे पैसे मागा. ‘गावचीच आहे, सांगेल सहज’ यावर फुकट करू नका.

पैशांचं आता. कामाला जाण्यापूर्वी कागदावर घ्या, निदान ईमेलवर: दिवसाचा किंवा महिन्याचा दर, शिफ्ट किती तासांची (मालिकांत बहुधा बारा), त्यावरच्या तासांचं काय, प्रवास, राहणं, आणि श्रेयनामावलीत नाव कसं लिहिणार. टीव्हीत पैसे नव्वद दिवसांनी द्यायची जुनी रीत आहे. म्हणजे जूनमध्ये लागलात तर पहिली रक्कम गणपती उलटून गेल्यावर. मुंबईत खोली घेणार असाल तर तीन-चार महिन्यांचं भाडं आणि खानावळ हाताशी ठेवूनच एस.टी.त बसा. कापलेला टीडीएस, म्हणजे मोबदल्यातून आधीच वजा केलेला कर, परत मिळू शकतो, पण विवरणपत्र भरलं तरच.

फोनवर आणखी तीन प्रश्न विचारा, लाजू नका. शौचालय कुठं आहे? आपल्या अरुंद घाट्यांतून व्हॅनिटी व्हॅन खाली उतरत नाही, मग जवळचं एखादं घर भाड्यानं घेतलंय का? खोलीला आतून कडी आहे का आणि सोबत कोण? रात्री पॅकअप झाल्यावर घरी कुणाची गाडी सोडणार? उत्तर ‘बघू’ असं आलं तर समजून घ्या.

२०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि तिची अध्यक्ष स्त्री असावी लागते. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. लोकेशन आणि कंपनीनं दिलेली गाडी हीदेखील कायद्यानं कामाचीच जागा. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. तसंच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. समितीतल्या बाईंचं नाव आणि नंबर पहिल्या दिवशी कॉलशीटवर शोधा. नसेल तर प्रॉडक्शनला विचारा. हे विचारणं म्हणजे भांडण उकरणं नव्हे, ते जेवणाची वेळ विचारण्यासारखंच आहे.

सरावाला कॅमेरा लागत नाही. उद्या घरात कुणी मासे साफ करायला बसलं की समोर वही घेऊन बसा. विळी कुठल्या पायाखाली, सुरमई कुठल्या हातात, कोणत्या शब्दावर पाणी ओतलं, दहा मिनिटं लिहा. मग त्यांना तेच पुन्हा करायला सांगा आणि तुमच्या वहीशी ताडून बघा. पहिल्या खेपेला निम्मं चुकेल. आता प्रश्न घेऊ या, मागच्या रांगेतून आधी.