कलम तीन आणि भारताच्या प्रत्यार्पण मागण्या

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने यातनाविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजी स्वीकारला आणि २६ जून १९८७ पासून तो अंमलात आला. भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी त्यावर सही केली, परंतु अनुसमर्थन, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक असल्याची औपचारिक संमती, आजतागायत केलेले नाही. म्हणून या कराराशी आपला संबंध नाही, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. ही समजूत अर्धीच खरी आहे, कारण आपण न स्वीकारलेले बंधन परदेशी न्यायालयांच्या वाटेने आपल्यापर्यंत येतेच.

ती वाट कलम तीनची. ज्या देशात एखाद्याचा छळ होण्याची सबळ भीती आहे, त्या देशाच्या हवाली त्याला करता येत नाही, असे कराराचे कलम ३ सांगते. युरोपीय मानवी हक्क करारातही छळ, अमानुष वा अवमानकारक वागणूक यांवरची सरसकट बंदी कलम ३ मध्येच आहे, हा निव्वळ योगायोग. त्या कलमात हवाली करण्याबद्दल एक अक्षर नाही. पण १९८९ च्या सोअरिंग खटल्यात स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ठरवले की, पुढे काय होणार हे दिसत असताना माणूस सोपवणारे राज्यही जबाबदार ठरते. तो आरोपी अमेरिकेतील व्हर्जिनियात खुनांच्या आरोपासाठी हवा होता आणि प्रश्न मृत्युदंडाच्या प्रतीक्षेत काढाव्या लागणाऱ्या वर्षांचा होता.

भारताचे नाव ठळकपणे आले ते १९९६ च्या चहल खटल्यात. शीख फुटीरतावादी चळवळीशी संबंध असल्याच्या कारणावरून ब्रिटन करमजित सिंग चहल यांना भारतात हद्दपार करू पाहत होते आणि राष्ट्रीय सुरक्षेचा धोका छळाच्या धोक्याशी तोलून पाहावा, असा ब्रिटनचा युक्तिवाद होता. न्यायालयाने बारा विरुद्ध सात मतांनी तो तराजूच नाकारला: माणूस कितीही घातक असो, ही बंदी निरपवाद आहे. माझ्या मते या निकालातला आपल्याला सर्वाधिक झोंबावा असा भाग निराळाच आहे. भारत सरकारने दिलेल्या हमीच्या प्रामाणिकपणाबद्दल न्यायालयाने शंका घेतली नाही. शंका होती ती दिल्लीचा शब्द पंजाबच्या पोलीस ठाण्यात पाळला जाईल का, याची. आणि आधारासाठी घेतलेल्या कागदपत्रांत आपल्याच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा, ‘थर्ड डिग्री’चा उल्लेख करणारा अहवाल होता.

पुढचे उदाहरण पुरुलियाचे. डिसेंबर १९९५ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकली गेली. त्यातील आरोपी किम डेव्ही ऊर्फ नील्स होल्क याला सोपवण्यास डेन्मार्कचे सरकार २०१० मध्ये तयार झाले. तिथल्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये छळाच्या शक्यतेवरून ते अडवले.

भारतात या विषयावर काहीच नाही, असे नाही. कबुलीजबाब काढण्यासाठी केलेली मारहाण भारतीय दंड संहितेतही गुन्हाच होती, पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेची कार्यपद्धती घालून दिली. मात्र यातनांची व्याख्या करून त्यांना स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा नाही. तसे विधेयक लोकसभेने २०१० मध्ये मंजूर केले, राज्यसभेच्या प्रवर समितीने ते अधिक कडकही केले आणि अखेर ते व्यपगत झाले, म्हणजे कायदा न होताच बारगळले. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस करून विधेयकाचा नवा मसुदाही दिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१९ मध्ये, कायदा करा असा आदेश संसदेला देण्यास नकार दिला, आणि अधिकारविभाजनाच्या दृष्टीने तो बरोबरच म्हणावा लागेल.

दरम्यान भारताने होल्कसाठी पुन्हा मागणी केली, या वेळी अधिक तपशीलवार हमी देऊन. डॅनिश सरकारी वकिलांना ती पुरेशी वाटली. डेन्मार्कमधील हिलेरॉडच्या न्यायालयाला वाटली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने प्रत्यार्पण नाकारले.