जुनं घर घ्यायचं, नीट करायचं, विकायचं

श्रोतेहो, नमस्कार.

जुनं घर बघायला गेले की मी आधी भिंतीला हात लावते. दलाल हॉल दाखवत असतो, खिडकीतून दिसणारं झाड दाखवत असतो, आणि मी बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर तळहात टेकवून उभी असते. तिथं भिंत गार लागली, रंगाचे पोपडे सुटलेले असले, लोणा लागून पांढरी पूड बोटाला आली, तर त्या घराची निम्मी गोष्ट मला कळलेली असते.

गेली बारा वर्षं मी पुण्यात जुने फ्लॅट घेते, दुरुस्त करते आणि विकते. वर्षाला एक, फार तर दोन. सहकारनगर, बिबवेवाडी, कोथरूडच्या आतल्या गल्ल्या इथं १९८० ते १९९५ च्या सुमाराला उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली सोसायट्या तुम्ही पाहिल्या असतील. लिफ्ट नाही, जिन्यात मोझॅक, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा, पण खोल्या ऐसपैस आणि उजेड भरपूर. ही घरं हे माझं काम आहे. ज्यांना या कामात उतरायचंय त्यांच्याशी आज बोलायचंय, आणि पहिल्यांदा माझ्या हातून जे चुकलं तेच सांगते.

माझं पहिलं घर तिसऱ्या मजल्यावरचं होतं, वर थेट गच्ची. मी ते मार्चमध्ये पाहिलं. कोरडं ठणठणीत. एप्रिल-मेमध्ये काम केलं, छताला पीओपी, वर पांढराशुभ्र रंग. गिऱ्हाईक ठरलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि चौथ्या दिवशी हॉलच्या मधोमध ताटाएवढा पिवळा डाग उमटला. गच्ची गळत होती, अनेक वर्षं गळत होती. माझ्याबरोबर एक वयस्कर गवंडी काम करायचे, विजापूरकडचे. त्यांना मी म्हटलं, मामा, वरून डॅम्पप्रूफ रंग मारू. ते म्हणाले, "ताई, रंगानं ओल मरत नाही. ती आत जाऊन बसते." गिऱ्हाईक गेलं. गच्ची सोसायटीची, म्हणजे दुरुस्तीही सोसायटीनंच करायची. त्यासाठी सर्वसाधारण सभा, वर्गणी, तीन कोटेशनं. काम झालं दिवाळीनंतर. तोवर दर महिन्याला बँकेचा हप्ता जातच होता.

तेव्हापासून मी शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये घर बघते. तेव्हा जमलं नाही, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून मागच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचायला मागते. गच्ची, ड्रेनेज, टाकी, काय काय तक्रारी आल्या ते सगळं त्यात असतं. शिवाय खालच्या मजल्यावरच्यांचं दार वाजवते आणि विचारते, तुमच्या छताला ओल येते का? या एका प्रश्नानं मला दोन घरांपासून वाचवलंय. वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात झिरपत असेल, तर तो सोसायटीचा नाही, त्या दोन घरांचा आपसातला मामला असतो. घर घेतलंत की तो तुमच्या गळ्यात येतो.

ओलीनंतर लोखंड. या इमारती आरसीसीच्या आहेत, म्हणजे काँक्रीटच्या पोटात सळया. बाथरूमच्या खाली, सज्जाच्या कडेला, पाणी वर्षानुवर्षं मुरलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. आधी सळईच्या रेषेत सरळ चीर दिसते, मग तपकिरी ओघळ, मग गिलाव्याचा तुकडा खाली येतो. माझ्या पिशवीत एक लहान हातोडी असते. छताला, तुळईला, खांबाला हलकेच ठोकून बघायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, तर आतला थर सुटलाय. एखाद्या कोपऱ्यात असेल तर दुरुस्ती होते. खांब आणि तुळया सगळीकडे तशाच बोलत असतील तर ते काम एका फ्लॅटच्या मालकाच्या हातातलं नाही, तिथून उठा.

सोसायटीला स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल जरूर विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवालच नसेल, तर स्वतःच्या खर्चानं एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा. याच भेटीत पुनर्विकासाचाही विषय काढा. इमारत पाडायची चर्चा बरीच पुढं गेली असेल, तर तुम्ही घातलेल्या नव्या फरशीला कोण किंमत देणार? ते घर पुनर्विकासासाठी घेणाऱ्यांचं आहे. तो निराळा हिशेब आणि फार निराळा धीर.

आता पैशाचं. इथं बहुतेकांची फसगत होते, म्हणून सावकाश सांगते. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तरी चालेल. समजा, घर ६० लाखांना मिळालं. दुरुस्तीला ६ लाख. विकलं ७८ लाखांना. लोक म्हणतात, १२ लाख सुटले! थांबा. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. घेतानाची दलाली एक टक्का धरली तर ६० हजार, विकतानाची ७८ हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. वकील १५ हजार धरू. ४० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी काढलंत तर महिन्याला ३० हजार व्याज, आणि घेण्यापासून विकण्यापर्यंत आठ महिने सहज जातात, म्हणजे २ लाख ४० हजार. तेवढ्या महिन्यांचा मेंटेनन्स २४ हजार. सगळं वजा करा. उरतात ३ लाख ८ हजार. चोवीस महिन्यांच्या आत विकलं तर भांडवली नफा, म्हणजे मालमत्ता विकून झालेला नफा, अल्पकालीन ठरतो आणि तुमच्या उत्पन्नाच्या दरानं कर लागतो. तुम्ही ३० टक्क्यांच्या गटात असाल तर आणखी निदान ९०-९५ हजार गेले. हाती दोन लाखांच्या आसपास. त्यात गच्ची गळाली तर तेही नाहीत.

हे मी कुणाला परावृत्त करायला सांगत नाही. या आकड्यांत कुठं हात घालता येतो ते बघा. शुल्काचा दर सरकार ठरवतं, व्याजाचा बँक. विकायची किंमत त्या गल्लीत शेजारचं घर ज्या भावाला गेलं त्याच्याभोवतीच राहते, तुम्ही इटालियन मार्बल घातलात तरी. तुमच्या हातात उरते ती घेण्याची किंमत आणि लागणारे महिने. त्या ६० लाखांच्या घराची खरी किंमत तुमच्यासाठी ५५-५६ लाखच होती. तेवढ्यात मिळत नसेल तर ते सोडून पुढं जायला हवं. मी एक घर घेते तेव्हा आधी पंचवीस-तीस घरं पाहिलेली असतात. पण इथं एक मनापासून सांगते. कुणाच्या घरी आजारपण आहे, पैशाची घाई आहे, म्हणून त्याच्या घराचा भाव पाडून मागू नका. घराची जी दुरुस्ती दिसते तिचा खर्च त्याच्यासमोर मांडा, आकड्यानिशी, आणि तेवढाच कमी करून मागा. असा भाव मागितला की माणसं ऐकतात, आणि पुढच्या घराचा पत्ताही देतात. माझी निम्मी घरं अशीच मिळाली आहेत.

बायकांनी एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आधी अट होती की ते घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. आमच्या कामात ती सवलत त्यामुळे निरुपयोगीच होती. २०२३ मध्ये ती अट गेली. ६० लाखांवर ६० हजार वाचतात. आणि रोखीचा व्यवहार कुणी कितीही गोड बोलून सुचवला तरी करू नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि दुरुस्तीचीही बिलं हातात असतील तरच तो खर्च नफ्यातून वजा होतो. सुताराचं, फरशीवाल्याचं, सगळ्यांचं पक्कं बिल घ्या. वर्षाला दोन घरं करू लागलात की हा नफा भांडवली धरायचा की धंद्याचा, हे पहिलं घर घेण्याआधीच सीएंना विचारा.

कागदपत्रं वकिलांनी बघायची, तरी आपल्यालाही वाचता यायला हवीत. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत सगळे करार, प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे व्यवहाराच्या नोंदणीचा उतारा, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र म्हणजे शेअर सर्टिफिकेट, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली पालिकेची परवानगी. मूळ कागद बँकेत असतील तर कर्ज किती बाकी ते लेखी घ्या. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारनं अटी घालून दिलेली, असली तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तुमचे आठ महिने तिथंच जातील.

जुन्या घरांत खरा गुंता वारसांचा असतो. वडील गेले, सोसायटीत मोठ्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लागलं आणि तो घर विकायला निघाला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं आईचा आणि बहिणींचा भावाइतकाच हिस्सा आहे. बहीण सासरी गेली म्हणून तो संपत नाही. तिची सही किंवा तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवंच. एका घरात तिन्ही भाऊ तयार होते आणि नाशिकची बहीण कुणी विचारातच घेतली नव्हती. मी तिला जाऊन भेटले. तिला घर विकायला हरकत नव्हती, फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. मालक परदेशात स्थायिक असेल, आणि आमच्या भागात अशी घरं फार आहेत, तर आणखी एक सांभाळा. देशातल्या विक्रेत्याकडून ५० लाख किंवा त्यावरचं घर घेतलं की आपण एक टक्का कर कापून भरतो. विक्रेता अनिवासी असेल तर ५० लाखांची मर्यादा लागू नाही, कपातही कितीतरी जास्त, आणि चुकलं तर जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

घर ताब्यात आलं की पहिला आठवडा काहीही रंगवू नका. आधी बाथरूम फोडा. जुनी फरशी, खालचा कोबा, गंजलेले जीआय पाइप, सगळं काढून स्लॅबपर्यंत जा. वॉटरप्रूफिंग झालं की निचऱ्याची तोंडं बंद करून चार बोटं पाणी भरा आणि ते पूर्ण दोन दिवस तसंच ठेवा. खालच्या घरात जाऊन छत बघा. कोरडं असेल तरच टाइल लावा. कंत्राटदार एका रात्रीत आटपायला बघेल, त्याचं ऐकू नका. मग वायरिंग. या इमारती बांधल्या तेव्हा घरात दिवे, पंखे, एखादा फ्रीज असायचा. आता एसी, गीझर, मायक्रोवेव्ह. त्यांना जाड तांब्याची वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारं आरसीसीबी हवंच.

भिंत पाडून हॉल मोठा करायची हौस अनेकांना येते. खांब-तुळईला हात लावायचा नाही, आणि विटांची भिंतसुद्धा इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय आणि सोसायटीच्या परवानगीशिवाय हलवायची नाही. राडारोडा उचलायचा खर्च अंदाजात धरा. तो ओढ्याकाठी टाकून मोकळं होणारे टेम्पोवाले भेटतात, त्यांना काम देऊ नका.

जुन्यातलं चांगलं टिकवा. सागवानी चौकटी घासून पॉलिश केल्या की नव्या दारांना लाजवतात. मोझॅकही घासून चमकतो, उन्हाळ्यात पायाला गार लागतो आणि लाखभर रुपये वाचवतो.

आणि एक सवय मी त्या गच्चीच्या घरानंतर लावून घेतली. गिलावा बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढते, शेजारी मीटरटेप धरून. पाइप कुठून गेला, वायर कुठून गेली, ओल कुठं होती, काय केलं. किल्ली देताना त्या फोटोंची फाइल नव्या मालकाच्या हातात देते. ज्या कोपऱ्याची मला पूर्ण खात्री नाही, तोही त्यात लिहून देते. एकदा एका गिऱ्हाइकानं ते वाचून ५० हजार कमी करून मागितले. मी कमी केले.

मागच्या महिन्यात सहा वर्षांपूर्वी विकलेल्या घरातून फोन आला. आजींना बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची होती, ड्रिल कुठं मारू म्हणून सून विचारत होती. मी म्हटलं, फाइलमध्ये चौथा फोटो बघा, पाइप डावीकडून वर गेलाय, त्याच्या उजवीकडे वीतभर सोडा. संध्याकाळी तिनं दांडीचा फोटो पाठवला.

नमस्कार.