कारलं यायला किती दिवस लागतात?

नमस्कार, श्रोतेहो.

घट बसले की संध्याकाळी कुठून ना कुठून 'ऐलमा पैलमा' कानावर येतं. पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. कुणाकडे भोंडला, कुणाकडे हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. या गाण्यांत सुनेकडून काय काय अपेक्षा केल्यात, त्यावर बोला असं मला सांगितलंय. मी चार गाणी काढून ठेवली होती. आता बघू, किती होतात ती.

पहिलं अर्थातच 'कारल्याचा वेल'. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, 'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा.' लावला. आता जाऊ? फूल येऊ दे. आलं. आता? कारलं लागू दे. लागलं. मग भाजी कर. भाजी झाली की सासू हात झटकते, मला काय पुसतेस, सासऱ्याला पूस. सासरा दिराकडे बोट दाखवतो, दीर आणखी कुणाकडे. असं करत सगळं घर पालथं.

यात एक गंमत बघा. या अख्ख्या गाण्यात 'नाही' कुणीच म्हणत नाही. पुन्हा सांगते, 'नाही' कुणीच म्हणत नाही. सासूचं उत्तर दर वेळी 'जा' असंच आहे. फक्त त्याच्या आधी एक 'मग' आहे. सगळं गाणं त्या 'मग'वर तोललेलं आहे.

हे मला सुचलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत भोंडला होता. साधा, टाळ्यांवरचा. हल्ली मोठे कर्णे लावून भोंडला करतात, त्यात शेजारणीचा आवाज ऐकू येत नाही. मग फेर धरायचा कशाला, मला कळत नाही. असो. तर त्या दिवशी गाणं संपल्यावर मी चार शब्द बोलले. सुनेची घुसमट, सासुरवास, वगैरे वगैरे. तळमजल्यावरच्या एक आजी खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कारलं लावलंयस का कधी?"

म्हटलं, नाही.

"मग तुला काय कळणार गाणं? कारलं यायला किती दिवस लागतात, ते सांग आधी."

मला काही सांगता आलं नाही. पुढच्या वर्षी मी इरेला पेटले. घटस्थापनेच्या दिवशी जुन्या बादलीत माती भरली, रात्रभर भिजवलेल्या चार बिया टोकल्या आणि गॅलरीत ठेवून दिली. आठवड्याने कोंब वर आले. आता तुम्ही हिशेब करा. घटस्थापना अश्विन शुद्ध प्रतिपदा, भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीया. मधे एक महिना आणि वर एक दिवस. भाऊबीज उजाडली तेव्हा माझा वेल गजांना विळखे घालत छान वर चढला होता. फूल? एक नाही! आणखी आठवड्याने पिवळी फुलं आली, मी हरखले, आणि दोन दिवसांत ती गळून गेली. ती नर फुलं. पहिली तीच येतात, नुसती मिरवायला. (यावर घरात मी जे बोलले ते इथे सांगत नाही.) मादी फूल मागाहून येतं, देठाशी बोटाच्या पेराएवढं कारलं घेऊनच. पहिलं भाजीजोगं कारलं हातात आलं तेव्हा दोन महिने उलटून गेले होते.

म्हणजे भोंडल्याच्या दिवसांत 'वेल लाव, मग जा' म्हणणारी सासू काय म्हणत होती? दिवाळी इथेच. भाऊबीज इथेच. घेऊन जायला आलेला मुराळी रिकाम्या हाताने परत.

ते पहिलं कारलं घेऊन मी आजींकडे गेले. मीठ लावून पिळून टाकू नकोस, असं त्यांनी आधी बजावलं, आणि ते मलाही पटतं. कडूपणा पिळून काढायचा तर दुधी खावा. मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाई अगदी याच. पहिल्या वर्षी भाऊ आला तर म्हणाल्या, परसातला वेल लागू दे, मग जा. दुसऱ्या वर्षी मी नागपंचमीलाच बी टोकलं. भाऊ दारात आला तेव्हा वेलावर कारली लोंबत होती."

"मग?"

"मग काय? म्हणाल्या, भाजी कर. केली. म्हणाल्या, भांडी घास. घासली. पदर खोचून उभी राहिले, तर म्हणाल्या, मला काय विचारतेस, सासऱ्यांना विचार. ते गेले होते देवळात. त्यांना विचारायला म्हणून निघाले, ती थेट एसटीत बसले."

मी विचारलं, "आणि आजोबा?"

"ते स्टँडवर ट्रंक घेऊन आले. बोलले काही नाहीत. ट्रंक टपावर चढवली आणि गेले."

गाण्याच्या शेवटी नवरा म्हणतो ना, 'आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या तिला माहेरा'. ती ओळ आली की मला आता ती ट्रंक दिसते.

माझी वेळ संपत आलीय. जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलायचं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पण ओवी पहाटे जात्यापाशी म्हणायची. भोंडला अंगणात, सासूच्या नाकासमोर. 'अस्सं सासर द्वाड बाई' असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचं, आणि ते खेळ म्हणून खपायचं. 'श्रीकांता कमलकांता' तर राहूनच गेलं. त्यातला वेडा करंज्या होड्या समजून पाण्यात सोडतो तोवर आपण हसतो. झोपलेल्या बायकोला 'मेली मेली' म्हणून जाळतो ते शेवटचं कडवंही आपण त्याच ठेक्यात, तसंच हसत म्हणतो. या वर्षी म्हणाल तेव्हा जरा सावकाश म्हणून बघा.

त्या बादलीत यंदाही कारलंच आहे. नागपंचमीला लावलेलं.

नमस्कार.