पिसवांचा मुक्काम पोत्यात

(कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली अरुंद गल्ली. कौलांवरून एक मांजर चाललंय. खाली सोप्यात, म्हणजे ओसरीत, पोत्यावर बसलेलं कुत्रं शेपटीचं मूळ दातांनी कोरतंय.)

पेठेतलं मांजर सहसा एका घरचं नसतं. दूध एका घरी, माशाचे काटे दुसऱ्या घरी आणि झोप तिसऱ्याच घराच्या माळ्यावर. कुत्र्याचा पत्ता मात्र पक्का असतो: सोपा, आणि सोप्यातलं पोतं. पावसाची झड लागली की दोघंही खाजवायला लागतात आणि घराघरांतून एकच सल्ला ऐकू येतो, ‘पिसवा झाल्यात, आंघोळ घाला त्याला.’

आंघोळ होते. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. शाम्पू बदलतो, दुकान बदलतं. पोतं मात्र जागच्या जागी असतं.

(पोत्याच्या धाग्यांचं अगदी जवळून चित्रण.)

तज्ज्ञांचा ढोबळ हिशोब असा, की एखाद्या घरात पिसवा झाल्या तर त्यांतल्या शंभरात पाचच जनावराच्या अंगावर असतात. उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन घरात पसरलेल्या असतात. पोत्यात, सोफ्याच्या फटीत, दिवाणाखाली, शहाबादी फरशीच्या सांध्यात. आंघोळ त्या पाचांना. पंच्याण्णवांना कुणी हात लावत नाही.

अंगावरची पिसू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. तांबूस तपकिरी, बिनपंखी, दोन्ही बाजूंनी चपटी. अंगावरचे राठ केस मागे वळलेले, त्यामुळे दाट केसांतून ती सरसर पुढे जाते आणि ओढून काढायला गेलं की अडकून बसते. मांजरपिसू म्हणून ओळखली जाणारी जात कुत्र्यावरही तितक्याच खुशीने राहते. मराठीत कुत्र्या-मांजरांची जुनी दुश्मनी प्रसिद्ध आहे, पिसवांना ती मान्य नाही. गोचीड हा प्राणी वेगळा: तिला आठ पाय, ती एका जागी रुतून रक्त पिऊन फुगते आणि उडी मारत नाही. पिसू सहा पायांची आणि अंगाच्या कित्येक पट उंच उडणारी. या उडीमागे रेझिलिन नावाचं लवचीक प्रथिन असतं. पिसू ते आधी दाबून ठेवते आणि एका क्षणात मोकळं सोडते.

पिसू दिसतच नाही, अशी तक्रार मांजरवाले नेहमी करतात. खरं आहे. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं. तेव्हा शोधायचा तो पुरावा.

(पांढरा कागद. बारीक दातांची फणी. मांजराची पाठ.)

शेपटीच्या वर, पाठीवर फणी फिरवा आणि कागदावर झटका. काळे, बारीक कण पडतील. माती असेल, म्हणून सोडून देऊ नका. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. कणांभोवती पाणी तांबूस व्हायला लागलं, तर ती पिसवेची विष्ठा आहे: मांजराचंच पचलेलं, वाळलेलं रक्त.

ही विष्ठा वायाही जात नाही. मादी रक्त प्यायल्यावर साधारण दोन दिवसांत अंडी घालायला लागते, भरात असताना दिवसाला ४० ते ५०. अंडी गुळगुळीत, केसांना न चिकटणारी. कुत्रं उठलं, अंग झटकलं, की अंडी आणि काळे कण दोन्ही पोत्यात पडतात. अळी बाहेर येते तेव्हा तिचं ताट वाढलेलंच असतं. उजेड तिला सोसत नाही, म्हणून ती खाली, धाग्यांच्या बुडाशी जाते. कोरडी हवा आणि रणरणतं ऊन यांत अळ्या मरतात. जुलै-ऑगस्टमध्ये, पंचगंगेचं पाणी चढलेलं आणि भिंतींना ओल सुटलेली असताना, त्यांच्या मनासारखी हवा घरातच तयार असते. अशा उबदार, दमट दिवसांत अंड्यापासून नव्या पिसवेपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

मधली पायरी कोषाची, आणि खरी गोम तिथंच आहे. कोष चिकट असतो. धूळ आणि धागे अंगाला लावून तो असा बसतो, की फवारा सहजी आतपर्यंत पोचत नाही. आत पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही, कित्येक महिने थांबू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, असं काही जाणवलं की बाहेर पडते. मे महिन्यात घराला कुलूप लावून गावाला जायचं, परत येऊन दार उघडायचं आणि पाऊल टाकताच पोटऱ्यांना चावे. कुत्रं तर महिनाभर घरात नव्हतं, मग पिसवा आल्या कुठून? त्या घरातच होत्या, तुमची वाट बघत.

(जनावरांच्या दवाखान्याचा व्हरांडा. पिशवीतून डोकं काढलेलं मांजराचं पिल्लू.)

नुसती खाज असती तर एवढं बोलावं लागलं नसतं. पिसवेच्या लाळेची अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात: कमरेवरचे केस जातात, कातडी सोलवटते. लहान पिल्लांच्या अंगावर फार पिसवा झाल्या तर रक्त कमी होऊन जीव जातो, म्हणून पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या की थांबायचं नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे वळवळताना दिसले, तर ते पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यातल्या चपट्या जंताचे. अंगावरची पिसू गिळल्याने तो पोटात जातो. रांगतं मूल चुकून पिसू गिळेल तर त्यालाही होतो.

प्लेगची आठवण इथं निघतेच. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानानेही प्लेगच्या साथी सोसल्या. त्या काळी घरं सोडून माणसं माळावर झोपड्या घालून राहायची. उंदराच्या पिसवेतून हा रोग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगातून दाखवलं. ती जात वेगळी. घरातल्या मांजराकडे बघून प्लेगची धास्ती घ्यायचं कारण नाही.

(फडताळात रॉकेलची बाटली, डांबर गोळ्या, तंबाखूची पुडी.)

धास्ती घ्यावी ती घरगुती इलाजांची. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटलं की ते पोटात जातं. डांबर गोळ्या, फिनेल, दोन्ही मांजराला विष. निपाणीची तंबाखूची पेठ इथून जवळ, त्यामुळे तंबाखूच्या पाण्याचा सल्ला देणारं कुणीतरी भेटतंच. निकोटिनने पिसू मरेल, पण ते कातडीतून कुत्र्याच्या अंगातही भिनतं. सगळ्यात जपायचं ते एका गोष्टीला: परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नये. मांजराचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, मांजर दगावतं. अर्धा थेंब लावू, हा हिशोबही नको.

डॉक्टर वजन बघून मानेवर लावायचे थेंब किंवा गोळी देतात. थेंब मानेच्या मागे, केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथं जीभ पोचत नाही. घरातली सगळी जनावरं एकाच दिवशी. त्याच दिवशी पोतं टाकून द्यायचं आणि जागी जुनी चादर घालायची, म्हणजे दर आठवड्याला कढत पाण्यातून काढता येते. फटींवर व्हॅक्यूम फिरवला तर उत्तम. त्याच्या हादऱ्याने कोषांतल्या पिसवाही बाहेर येतात. पिशवी मात्र लगेच घराबाहेर रिकामी करायची. व्हॅक्यूम नसेल तर दिवाण सरकवून सांध्यासांध्यांत खराटा.

एवढं करूनही दोन-तीन आठवडे एखादी पिसू दिसतेच. ती जुन्या कोषातून आलेली असते, आणि औषध लावलेल्या जनावरावर बसली की मरते. ‘औषधात दम नाही’ म्हणून बरेच जण नेमके इथंच सोडून देतात. किमान तीन महिने नेट लावावा लागतो.

(कौलांवरचं मांजर. खाली तीन दारं, तिन्ही दारांत वाट्या.)

कुत्र्याचं निभावतं, मालक एक आहे. या मांजराचं काय? एका घराने थेंब लावले आणि शेजारच्या माळ्यावर अळ्या तशाच राहिल्या, तर फेरा चालू. दूध घालणाऱ्या काकूंनी मांजर धरायचं कबूल केलंय. थेंबांचे पैसे कुणी द्यायचे, यावर कट्ट्यावर अजून एकमत नाही.