पद्मिनीची दांडी

ही दांडी बघा. स्टेअरिंगच्या मागून बाहेर आलेली, करंगळीएवढी, टोकाला घासून गुळगुळीत झालेली. अप्पर-डिप्पर हिच्यावरच होतं. काकांच्या 1986 च्या पद्मिनीत गेले तीन महिने असं चाललंय की डिप्परला लाईट लागते, अप्परला टाकली की दोन्ही गुल, मग दांडी बोटाने जराशी वर धरून ठेवली की परत येते, म्हणजे एक हात स्टेअरिंगला, एक दांडीला, आणि गिअर टाकायला तिसरा हात आणायचा कुठून? हो, हिचा गिअरपण स्टेअरिंगच्या कॉलमलाच असतो, नव्या पोरांना हे सांगावं लागतं.

1964 मध्ये फियाट अकराशे डिलाइट म्हणून कुर्ल्यात बनायला लागलेली ही गाडी, पद्मिनी नाव नंतर लागलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, पण घरच्या गाड्या अजून आहेत लोकांकडे.

आता सगळे आधी बल्ब बदलतात. अरे, दोन्ही बल्बची अप्परची तार एकाच वेळी जाईल का? एकाच बाजूची लाईट गेली तर बल्ब, फ्यूज नाहीतर त्या बाजूचं अर्थिंग बघायचं. दोन्ही गेल्या आणि दांडी हलवल्यावर येतायत, तर स्विचवरच संशय घ्यायचा.

पण संशय वेगळा आणि मीटर वेगळा. मीटर म्हणजे व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर, तो लावताना लाईट चालू पाहिजे हं, कारण बल्ब काढून नुसत्या कनेक्टरला मीटर लावला तर बारा व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो, लोड आल्याशिवाय खराब काँटॅक्ट पकडला जात नाही. आम्ही इंजिन बंद ठेवून दांडी बोटाने धरली, अप्पर लावला. बॅटरीवर 12.2, हेडलाईटच्या कनेक्टरवर 10.5. मधले 1.7 व्होल्ट गेले कुठे? स्विचमध्ये करंट आत जातो तिथे एक आणि बाहेर येतो तिथे एक अशा मीटरच्या दोन पिना टेकवल्या तर 1.1 तिथेच सापडले, 0.4 गंजलेल्या अर्थिंगमध्ये, उरलेले वायरमध्ये. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड साधारण तीस टक्के पडतो, म्हणून ते पिवळट दिवे. काका इतके दिवस काचेला दोष देत होते.

स्विच स्टेअरिंगमागे, म्हणून खोलताना आधी बॅटरीचं टर्मिनल काढायचं, मग हॉर्नचं बटण, मग स्टेअरिंगचा मधला नट. स्टेअरिंग आणि शाफ्टवर खडूने खूण करून घ्या, नाहीतर नंतर गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं. ओढायला पुलर वापरा, हातोडा नको.

आणि आत हे. काँटॅक्ट काळे कुळकुळीत, बाजूचं प्लॅस्टिक वितळलेलं, पत्ती सैल. कारण साधं आहे. या गाडीत रिले नाही, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच नाही, त्यामुळे हेडलाईटचा सगळा करंट काँटॅक्टच्या या दोन टिकल्यांमधून जातो. 45 वॅटचे दोन बल्ब असते तर साडेसात अँपिअर. मधे कुणीतरी हौसेने 100 वॅटचे हॅलोजन टाकले, झाले जवळपास सतरा! टिकल्या त्याच.

पत्ती नुसती काळी असती तर बारीक पॉलिश पेपर आणि काँटॅक्ट क्लीनरवर भागलं असतं, पण वितळलेल्याला इलाज नाही. जुन्या बाजारात बरा पीस मिळाला. तो नुसता बसवला असता तर परत जळला असता, म्हणून दोन रिले टाकले, अप्परला एक, डिप्परला एक. बॅटरीकडून फ्यूज लावून जाड वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 वरून लाईटला, स्विचची जुनी वायर 86 ला, 85 अर्थला. आता दांडीवर पाव अँपिअरसुद्धा येत नाही. बल्ब 60-55 वॅटचे, अर्थिंग घासून नवीन.

रात्री समोरच्या भिंतीवर अप्पर मारला. कनेक्टरवर 11.9. काका खूश, फक्त बोट अजून दांडीखाली धरूनच बसलेत.